हृदयाचा पंप बसेलही, पण सांभाळणार कोण? कॅम्प ते निपाणी, सीमाभागाचा न सुटलेला हिशेब

बेळगाव : दिल्लीच्या लष्करी रिसर्च अँड रेफरल हॉस्पिटलात एका माजी सैनिकाच्या ४९ वर्षांच्या पत्नीला हृदयाचा पंप बसवण्यात आला. मे २०२५ मध्ये ही बातमी जाहीर झाली. त्या दोन वर्षांहून अधिक काळ हृदय प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेत होत्या. सैन्यदलाच्या रुग्णालयांमध्ये 'हार्टमेट ३' हा पंप बसवण्याची ती पहिलीच वेळ होती. देशाच्या बातम्यांत ती दोन ओळींत येऊन गेली. बेळगावच्या कॅम्प भागात मात्र तिचा अर्थ वेगळा आहे.

कॅम्प म्हणजे छावणी. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथं आहे, मिलिटरी हॉस्पिटल इथं आहे. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, निपाणी या पट्ट्यातल्या गावागावांत मराठा रेजिमेंटमधून निवृत्त झालेली माणसं आहेत. औषधं, तपासण्या आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी यासाठी त्यांची बेळगावला ये-जा असते. त्यातल्या ज्यांचं हृदय थकलंय, त्यांच्या घरच्यांना या बातमीनंतर एकच विचारायचं आहे. हा पंप आमच्या माणसाला बसेल का?

आणि पंप बसला तर पुढं काय? तो चालवायचा कसा, त्याला वीज कुठून, त्याच्या तपासण्या कुठं, अलार्म वाजला तर फोन कुणाला, पैसे कोण देणार? पंपाची चर्चा बहुतेक वेळा शस्त्रक्रियेपाशी थांबते. सीमाभागातल्या घराची परीक्षा तिथून पुढं सुरू होते.

'हार्ट फेल' हा शब्दच घात करतो

मराठीत 'त्याचं हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. त्यामुळं डॉक्टरांनी कागदावर 'हार्ट फेल्युअर' लिहिलं की घरात रडारड सुरू होते, किंवा उलट, 'माणूस तर चालता-बोलता आहे, कसलं फेल्युअर?' म्हणून कागद बाजूला पडतो. दोन्हीकडून नुकसानच.

वैद्यकीय भाषेत हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. शरीराला लागेल तेवढं रक्त पुढं ढकलायला ते कमी पडतं, एवढाच त्याचा अर्थ. लोक त्याला 'हार्ट वीक झालंय', 'अंगात पाणी भरलंय' असं म्हणतात आणि ते वर्णन बरंचसं बरोबर आहे. पायावर सूज येते, जिना चढताना दम लागतो, रात्री आडवं झालं की गुदमरतं. एका उशीच्या दोन आणि दोनाच्या तीन होतात. भारतात याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आधी येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका. मधुमेह आणि रक्तदाब त्यात भर घालतात. काहींचा हृदयाचा स्नायूच आजारी असतो, तर काहींच्या झडपा लहानपणच्या संधिवाती तापानं खराब झालेल्या असतात.

हा आजार किती गंभीर आहे, हे देशातल्या नोंदींवरून कळतं. राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदणीत ५३ रुग्णालयांतल्या सुमारे १०,८५० रुग्णांचा अभ्यास झाला. दवाखान्यात दाखल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत त्यातले सुमारे १४ टक्के दगावले. तिरुवनंतपुरमच्या नोंदणीत १,२०५ रुग्ण होते. पाच वर्षांनंतर त्यातले निम्म्याहून अधिक हयात नव्हते. बऱ्याच कॅन्सरइतका हा आजार जीवघेणा आहे, पण कॅन्सरची धास्ती घेणारं घर हार्ट फेल्युअरची गोळी सहज चुकवतं.

राष्ट्रीय नोंदणीतून आणखी एक गोष्ट पुढं आली. जी औषधं द्यायला हवीत, ती ठरलेल्या पद्धतीनं निम्म्याहून कमी रुग्णांना मिळत होती. आज या आजारासाठी चार गटांतली औषधं एकत्र देतात. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, बीटा-ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनसारखं औषध आणि मूळची मधुमेहाची असलेली डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. यातली महागडी औषधं आता आवाक्यात येत आहेत. डापाग्लिफ्लोझिनची जेनेरिक २०२० पासून मिळते, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनची २०२३ पासून. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि किमती झपाट्यानं उतरल्या.

पंपाच्या आधी हे सगळं का सांगायचं? कारण ही औषधं पूर्ण मात्रेत काही महिने घेतल्यावर अनेकांचं हृदय सावरतं आणि पंपाचा विषयच मागं पडतो. काहींना विशिष्ट प्रकारच्या पेसमेकरनं फरक पडतो. कोटीच्या यंत्राची चौकशी करणाऱ्या घरानं आधी विचारायचं ते हे, की चारही औषधं सुरू आहेत का, त्यांची मात्रा वाढवत नेली आहे का आणि घरी रोज सकाळी वजन केलं जातं का? दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं, तर अंगात पाणी साठतंय आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला हवं. वजनकाटा काही शे रुपयांत येतो. लोणचं, पापड, खारवलेली मिरची ताटातून काढायला तर पैसेही लागत नाहीत, लागतो तो घरातल्यांचा निर्धार.

पंप म्हणजे नेमकं काय

डॉक्टर त्याला 'एलव्हॅड' म्हणतात. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याला मदत करणारं यंत्र. मूळ हृदय जागेवरच राहतं. पंप त्याच्या टोकाला जोडतात. तो कप्प्यातलं रक्त खेचून महारोहिणीत सोडतो. 'हार्टमेट ३' मधलं फिरतं चक्र चुंबकीय शक्तीवर अधांतरी फिरतं, घासणारा भाग नाही, त्यामुळं आत रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण जुन्या पंपांपेक्षा बरंच कमी झालं. अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये प्रत्यारोपण होईपर्यंतचा आधार म्हणून आणि २०१८ मध्ये कायमस्वरूपी वापरासाठी मान्यता मिळाली.

पंप दोन कारणांसाठी बसवतात. एक, दात्याचं हृदय मिळेपर्यंत माणूस टिकावा म्हणून. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांना २०१० मध्ये असा पंप बसवला होता. सुमारे वीस महिने त्यावर काढल्यावर मार्च २०१२ मध्ये त्यांचं हृदय प्रत्यारोपण झालं. दुसरं कारण, वय किंवा इतर आजारांमुळं प्रत्यारोपण होणारच नसेल, तेव्हा उरलेलं आयुष्य पंपावर काढणं.

फायदा किती? २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या चाचणीत पंपावरच्या रुग्णांपैकी ५२ टक्के वर्षानंतर हयात होते, केवळ औषधांवर असलेल्यांपैकी २५ टक्के. नव्या पंपानं हे आकडे पुष्कळ पुढं नेले. 'हार्टमेट ३' बसवलेल्यांपैकी ५८ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते, त्याआधीच्या पंपावर हे प्रमाण ४४ टक्के होतं. अंथरुणाला खिळलेला माणूस फिरू लागतो, जेवू लागतो, नातवंडांना शाळेत सोडू लागतो, हे खरं आहे.

पाच वर्षांत दहापैकी चार जण जातात, हेही त्याच आकड्यात आहे. रक्तस्राव, पक्षाघात, वायरीच्या जागी जंतुसंसर्ग आणि हृदयाची उजवी बाजू कमजोर होणं ही मोठी संकटं. पंप फक्त डाव्या बाजूला आधार देतो. उजवी बाजू, मूत्रपिंड, यकृत हे सगळं ढासळल्यावर पंप बसवून उपयोग होत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची. वर्षात दोन-तीनदा दाखल व्हावं लागतंय, रक्तदाब इतका कमी की औषधं सोसत नाहीत, किडनीचे रिपोर्ट बिघडू लागलेत, अशी लक्षणं दिसली की प्रत्यारोपण आणि पंप यांची माहिती असलेल्या केंद्रात एकदा दाखवून यायला हवं. आपल्याकडं मात्र 'आता काहीच उरलं नाही' म्हटल्यावर गाडी पुण्या-बेंगळुरूकडं निघते.

वायर, बॅटरी आणि हेस्कॉम

पंप छातीत असला तरी त्याचा जीव बाहेर असतो. पोटाच्या त्वचेतून एक वायर बाहेर येते, ती कंबरेच्या कंट्रोलरला जोडलेली. कंट्रोलरला दोन बॅटऱ्या. पूर्ण चार्ज केलेली जोडी साधारण १७ तासांपर्यंत चालते असं कंपनी सांगते. रात्री झोपताना घरातल्या विजेवर चालणारं युनिट जोडायचं. वीज थांबली आणि बॅटरीही संपली, तर पंप थांबतो.

इथं सीमाभागातलं वास्तव आडवं येतं. कॅम्प किंवा टिळकवाडीत वीज गेली तर तास-दोन तासांत येते, बहुतेक घरांत इन्व्हर्टर आहे. खानापूरच्या जंगल पट्ट्यात पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की रात्र रात्र अंधार असतो. आमगावसारख्या गावांतून आजही पावसाळ्यात रुग्णाला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. अशा घरी पंपाचा रुग्ण ठेवायचा, तर जादा बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि पावसाळ्यापुरतं शहरात राहायची सोय, हे सगळं शस्त्रक्रियेच्या आधी ठरवावं लागेल. ज्या घरात कुणी वैद्यकीय यंत्रावर जगतंय, त्याची नोंद वीज कार्यालयानं ठेवावी, दुरुस्तीसाठी वीज बंद करायची असेल तर आधी कळवावं, ही मागणी साधी आहे. इकडं हेस्कॉम आणि पलीकडं महावितरण, दोघांकडेही ती लावून धरता येईल.

वायरीच्या जागेचं ड्रेसिंग रोजच्या जगण्याचा भाग होतं. हात स्वच्छ, मास्क, निर्जंतुक साहित्य. पोहणं कायमचं बंद. नदीवरची, विहिरीवरची अंघोळ बंद. शेतात काम करणाऱ्या माणसाला घाम, चिखल, जनावरं यांपासून ती जागा जपायची म्हणजे काम बदलावंच लागतं. चुंबकावर चालणारं एमआरआय स्कॅन करता येत नाही.

त्यात रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिन ही गोळी आली. तिच्यासाठी 'आयएनआर' ही तपासणी नियमित करावी लागते आणि आकडा बहुधा दोन ते तीनच्या दरम्यान राखावा लागतो. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. मेथी, पालक, कोथिंबीर यांचं प्रमाण एका आठवड्यात खूप आणि दुसऱ्या आठवड्यात शून्य असं करून चालत नाही. पूर्वी याच्या जोडीला ॲस्पिरिन देत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 'हार्टमेट ३' च्या रुग्णांना ॲस्पिरिन न देता रक्तस्राव कमी झाला आणि गुठळ्या वाढल्या नाहीत. म्हणजे पंपाचं शास्त्र अजून बदलतंय. बदल कळवणारा डॉक्टर संपर्कात हवा.

सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे या रुग्णाची नाडी अनेकदा हाताला लागतच नाही, कारण पंप रक्त सलग ढकलतो. नेहमीच्या यंत्रावर बीपी नीट दाखवत नाही. असा माणूस चक्कर येऊन पडला आणि गावातल्या दवाखान्यात नेला, तर नाडी नाही म्हणून तो गेला असा समज होऊ शकतो. त्यामुळं घरातल्या किमान दोघांना, गावच्या डॉक्टरांना आणि १०८ रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना या पंपाची कल्पना असावी लागते. हे प्रशिक्षण ज्या भाषेत घरात बोलतात त्या भाषेत व्हायला हवं. कंट्रोलरचा अलार्म वाजल्यावर घरातली सून किंवा आजी इंग्रजी पुस्तिका चाळत बसणार नाही, कन्नड पत्रकही नाही. मराठीत परिपत्रकं मिळावीत ही सीमाभागातली जुनी मागणी आहे. ती मान्य न झाल्याचा फटका कधी कधी थेट जिवाला बसतो, त्याचं हे उदाहरण.

एकच आजार, चार घरं, चार नियम

पंपाची किंमत आणि शस्त्रक्रिया धरून भारतात खर्च पन्नास लाखांच्या पुढं जातो, अनेकदा कोटीच्या घरात. यंत्र परदेशी बनावटीचं. आयआयटी कानपूरनं 'हृदयंत्र' नावानं देशी पंपाचं काम सुरू केलंय, पण ते अजून रुग्णाच्या छातीपर्यंत आलेलं नाही. तोपर्यंत हा पैसा उभा करायचा कुठून, याचं उत्तर सीमाभागात तुमचं घर रेषेच्या कुठल्या बाजूला आहे यावर ठरतं.

पहिलं घर, कॅम्पमधल्या माजी सैनिकाचं. २००३ पासून सुरू असलेली ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना राज्याची सीमा मानत नाही. बेळगावच्या पॉलिक्लिनिकमधून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवता येतं आणि दिल्लीतल्या शस्त्रक्रियेनं लष्करी यंत्रणेत पंप बसू शकतो हे दाखवून दिलंय. याचा अर्थ प्रत्येकाला तो मंजूर होईल असा नाही. तज्ज्ञांची शिफारस, वय, इतर आजार हे सगळं बघितलं जातं. तरी विचारायला एक दार आहे.

दुसरं घर, बेळगावातल्या बीपीएल कार्डधारकाचं. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. कार्ड एपीएल असेल तर सरकार खर्चाच्या ३० टक्केच देतं, तेही वर्षाला दीड लाखाच्या आत. पाच लाख आणि कोटी यातली दरी उघड आहे. कर्नाटक सरकार गरीब रुग्णांच्या हृदय प्रत्यारोपणासाठी सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टमार्फत वेगळी मदत देतं, पण ती प्रत्यारोपणासाठी.

तिसरं घर, चंदगड तालुक्यातलं. राज्य महाराष्ट्र, जिल्हा कोल्हापूर, पण जवळचं मोठं शहर बेळगाव. छातीत दुखू लागलं की गाडी बेळगावकडे वळते, कारण कोल्हापूर दुपटीहून लांब पडतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड खिशात असतं, पण ते चालतं की नाही हे त्या विशिष्ट रुग्णालयाचा योजनेशी करार आहे का, यावर अवलंबून. हे आधी विचारून ठेवणारी घरं थोडी. बहुतेकांना ते बिलाच्या खिडकीपाशी समजतं.

चौथं घर, निपाणीतलं किंवा बेळगाव तालुक्यातल्या मराठी गावातलं. कागदोपत्री या घराला दोन राज्यांचा आधार आहे आणि प्रत्यक्षात कधी कधी एकाचाही नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या लोकांना जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. तेव्हाचे कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी कडाडून विरोध केला. पुढं कर्नाटकात सरकार बदललं, भूमिका बदलली नाही. जानेवारी २०२४ मध्ये योजनेचे अर्ज भरून घेणारी बेळगावातली केंद्रं प्रशासनानं बंद केली.

दोन्ही बाजूंना आपापली कायदेशीर कारणं आहेत. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्र म्हणतो, ही आमची माणसं. कर्नाटक म्हणतं, आमच्या हद्दीत दुसऱ्या राज्याची योजना कशी? या वादात हृदय थकलेल्या माणसाचं काय होतं, हे कुणाच्या निवेदनात नसतं. त्याला अर्ज भरायला केंद्र नाही, आणि अर्ज भरला तरी उपचारासाठी कोल्हापूर किंवा पुण्याला जायचं. शस्त्रक्रिया एकदाची होईल, पण आयएनआर, ड्रेसिंग, बॅटरी बदलणं, दर काही आठवड्यांची तपासणी यासाठी रुग्णाला प्रत्येक वेळी सीमा ओलांडायला लावणारी योजना हार्ट फेल्युअरसाठी अपुरीच पडते.

यातून वाट निघू शकते, हे गोव्याच्या अनुभवावरून दिसतं. जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारनं बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. सिंधुदुर्गात त्यावरून आंदोलनं झाली. मग दोन्ही सरकारं बोलायला बसली आणि महाराष्ट्राच्या योजनेतून सिंधुदुर्गच्या रुग्णांचा खर्च भागवण्याचा मार्ग पुढं आला. तिथं कुणी कुणाची हद्द सोडली नाही, रुग्णालय गोव्याचं आणि पैसा महाराष्ट्राचा. बेळगाव-कोल्हापूरच्या बाबतीत असा करार दोन्ही दिशांनी होऊ शकतो. चंदगडच्या रुग्णाचं कार्ड बेळगावात चालावं आणि निपाणीच्या रुग्णाचं कर्नाटकी कार्ड कोल्हापुरात.

प्रत्यारोपणाच्या यादीत नाव कुठं घालायचं

पंपापेक्षा प्रत्यारोपण स्वस्त पडतं आणि जमलं तर आयुष्यही अधिक मिळतं. अडचण दात्यांची. देशभरात वर्षाला अडीचशेच्या आसपास हृदय प्रत्यारोपणं होतात. एकशे चाळीस कोटींच्या देशात हा आकडा किती लहान आहे, हे सांगायला नको.

मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्येच हृदय प्रत्यारोपणाचा प्रयत्न केला होता, केपटाऊनच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या अडीच महिन्यांत. रुग्ण काही तासच जगला. देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये झालं. मुंबईत ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून आणलेल्या हृदयाचं प्रत्यारोपण डॉ. अन्वय मुळे यांनी केलं आणि केईएमनं जुलै २०२४ मध्ये पुन्हा ही शस्त्रक्रिया केली. बेळगावही यात मागं नाही. जुलै २०२२ मध्ये धारवाडच्या एका मेंदूमृत मुलीचं हृदय रस्ता मोकळा करून बेळगावात आणलं आणि केएलई रुग्णालयात एका तरुणाला बसवलं.

सीमाभागातल्या रुग्णाच्या फायद्याचा एक बदल फेब्रुवारी २०२३ मध्ये झाला आणि तो पुष्कळांना माहीत नाही. अवयवाच्या प्रतीक्षा यादीत नाव घालायला त्या राज्याचा रहिवासी दाखला लागणार नाही, असं केंद्र सरकारनं ठरवलं. वयाची ६५ ची अटही काढली. म्हणजे निपाणीचा रुग्ण बेळगावात, पुण्यात, मुंबईत किंवा बेंगळुरूत, जिथं सोयीचं तिथं नाव नोंदवू शकतो. सीमाप्रश्नात अडकलेल्या माणसासाठी हा खरोखरच रेषा पुसणारा नियम आहे.

ठिकाण निवडताना मात्र घड्याळ बघायचं. काढलेलं हृदय साधारण चार तासांत बसवावं लागतं. मध्यरात्री फोन आला तर रुग्णाला वेळेत पोचता आलं पाहिजे. बेंगळुरू इथून पाचशे किलोमीटर, पुणे साडेतीनशेच्या आसपास. मोठ्या शहरात नाव घालायचं तर तिथं खोली घेऊन राहायची तयारी हवी. आणि खर्चासाठीची सरकारी मदत मात्र अजूनही राज्याच्या कार्डावरच मिळते. नाव कुठंही घाला, पैसा तुमच्या राज्यातूनच, अशी ही अर्धी पुसलेली रेषा.

नको म्हणायचाही हक्क आहे

पंपाविषयी बोलताना घरातली माणसं 'काही करा, पण वाचवा' म्हणतात. जमीन विकायची, सोनं मोडायचं, सोसायटीचं कर्ज काढायचं, सगळ्याची तयारी असते. रुग्णाला मात्र फारसं कुणी विचारत नाही. ऐंशीच्या घरातल्या आजोबांना वायर, बॅटरी, रोजचं ड्रेसिंग आणि दुसऱ्यावर अवलंबून राहणं हवंय का? की औषधांवर, दम कमी ठेवून, घरच्या अंगणात उरलेले दिवस काढायचेत?

दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. पंप न बसवणं म्हणजे उपचार सोडून देणं नव्हे. दम, वेदना, भीती कमी करणारी शुश्रूषा हाही उपचारच आहे, आणि तो घरी देता येतो. निर्णयाआधी डॉक्टरांना काही प्रश्न थेट विचारावेत. या वयात, या किडनीच्या रिपोर्टसह पंप बसवलेले किती रुग्ण तुमच्याकडं वर्षभरानंतर चालते-फिरते आहेत? अलार्म वाजला तर रात्री दोन वाजता फोन कोण उचलेल? बॅटरी, वायर, कंट्रोलर बिघडला तर नवा किती दिवसांत आणि कितीला मिळेल? कंपनीनं पंप बनवणं थांबवलं तर? हा शेवटचा प्रश्न उगाच नाही. मेडट्रॉनिकनं आपला एचव्हॅड पंप जून २०२१ मध्ये बाजारातून काढून घेतला, तेव्हा तो छातीत असलेली हजारो माणसं जगभर होती.

आता मागायचं काय

कोटीचा पंप सगळ्यांना फुकट द्या, ही मागणी कुठलंच सरकार उद्या पूर्ण करणार नाही. त्याआधीच्या पायऱ्या मात्र मागता येतात, आणि त्यांनी पंपापेक्षा कितीतरी जास्त जीव वाचतील.

झटका आल्यावर पहिल्या तासांत गुठळी विरघळवली तर पुढचं हार्ट फेल्युअर बऱ्याच अंशी टळतं. कर्नाटकनं २०२३ मध्ये पुनीत राजकुमार यांच्या नावानं हृदयज्योती योजना आणली. तालुका रुग्णालयात ईसीजी आणि महागडं इंजेक्शन मोफत. खानापूर, निपाणीच्या सरकारी दवाखान्यात ते इंजेक्शन आज शिल्लक आहे का, हे लोकप्रतिनिधींनी महिन्याला एकदा जाऊन बघावं. चार गटांची औषधं प्राथमिक केंद्रांवर आणि जनऔषधी दुकानांत मिळावीत. आयएनआर तपासणी तालुक्यात व्हावी. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस हार्ट फेल्युअरची स्वतंत्र ओपीडी चालवता येईल. रुग्णाला समजावून सांगणारी, मराठी आणि कन्नड दोन्ही येणारी एक परिचारिका त्यासाठी पुरेशी आहे.

महाराष्ट्रानं २०२५ मध्ये पाच लाखांपेक्षा जास्त खर्चाच्या प्रत्यारोपणांसाठी वेगळा निधी ठेवायचं ठरवलं. त्यात ८६५ गावांचा रुग्ण बसतो का, हे मुंबईतून लेखी यायला हवं. समितीच्या नेत्यांनी पुढच्या निवेदनात हा प्रश्न आकड्यांसह घालावा. बेळगाव आणि कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एकमेकांच्या रुग्णांबाबत बैठक घ्यायला सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट बघायचं कारण नाही. पुराचं पाणी सोडताना दोन्ही राज्यांचे अधिकारी बोलतातच.

तोपर्यंत ज्या घरात हा आजार आहे, त्यांनी एक फाईल तयार ठेवावी. इको आणि ईसीजीचे जुने-नवे रिपोर्ट, औषधांची मात्रेसह यादी, वजनाची वही, आणि आपलं कार्ड कुठल्या रुग्णालयात चालतं याचं लेखी उत्तर. माजी सैनिकांच्या घरांनी ईसीएचएस कार्डावर पत्नीचं नाव बरोबर आहे का, तेही एकदा पाहून घ्यावं. दिल्लीत पंप बसला, तो एका माजी सैनिकाच्या पत्नीलाच.